मॅकग्रेगर उर्फ कॅम्पबेल उर्फ ड्रमंड: एका बेकायदा आडनावाचं प्रकरण

१७५२ ते १७५४ या काळात एडिंबरोच्या न्यायालयात तीन सख्ख्या भावांवर एकामागून एक खटले चालले. एका तरुण, पैसेवाल्या विधवेला रात्री घरातून उचलून नेलं आणि त्यांच्यापैकी एकाशी तिचं जबरदस्तीने लग्न लावलं, असा आरोप होता. जेम्स एडिंबरोच्या किल्ल्यातल्या तुरुंगातून पळाला आणि १७५४ मध्ये पॅरिसला मेला. डंकन निर्दोष सुटला. धाकटा रॉबर्ट १७५४ च्या फेब्रुवारीत फासावर गेला.

गुन्हा किळसवाणा होता आणि शिक्षेबद्दल हळहळ वाटावी असं त्यात काही नाही. मला रस आहे तो या भावांच्या नावांत. खटल्याच्या कागदांत रॉबर्टच्या नावापुढे उर्फांची रांग लागते: मॅकग्रेगर उर्फ कॅम्पबेल उर्फ ड्रमंड. तिन्ही आडनावं त्याच्या भागातल्या खऱ्याखुऱ्या कुळांची, आणि त्यातल्या दोन कुळांशी त्याच्या पूर्वजांचं पिढ्यान्‌पिढ्यांचं रक्ताचं वैर. चोर-दरोडेखोर खोटी नावं घेतात तसा हा प्रकार नव्हता. १७५४ मध्ये या माणसाला कायद्याने आपलं खरं आडनाव लावता येत नव्हतं. जे लावता येत होतं ते खरं नव्हतं. कारकुनाने सगळीच लिहून टाकली.

या भावांचा बाप म्हणजे प्रसिद्ध रॉब रॉय. कागदांवर तोही ‘कॅम्पबेल’ अशी सही करायचा.

मधल्या तीसेक वर्षांची उसंत सोडली तर १६०३ पासून १७७४ पर्यंत स्कॉटलंडमध्ये मॅकग्रेगर हे आडनाव लावणं हा गुन्हा होता. गुरं पळवणारी, शेजाऱ्यांची घरं जाळणारी कुळं तिथे डझनावारी होती. मग एकट्या याच कुळाचं नाव का पुसलं? आणि पुसलेलं नाव पावणेदोनशे वर्षांनी परत आलं कुठून?

शब्द

डोंगराळ स्कॉटलंडच्या गेलिक भाषेत हे नाव ‘मॅक ग्रिगर’, म्हणजे ग्रिगरचा मुलगा. ‘मॅक’चा उच्चार तिकडे ‘मख्क’च्या जवळ जातो. ग्रिगर हे मूळचं ग्रीक ‘ग्रेगोरिओस’, जागा राहणारा, सावध. ग्रेगरी नावाच्या पोपांमुळे ते लॅटिनमधून युरोपभर पसरलं आणि डोंगराळ स्कॉटलंडच्या गेलिक तोंडात बसताना ग्रिगर झालं. म्हणजे ज्याच्यासाठी माणसं फासावर गेली त्या कडव्या गेलिक आडनावाचा गाभा गेलिक नाहीच.

मुलगी असेल तर ती ‘मॅक’ नसते, ‘निक’ असते. भाऊ मॅक ग्रिगर, बहीण निक ग्रिगर. इंग्रजी कागदांनी सगळ्यांनाच ‘मॅक’ करून टाकलं. त्यात हे आडनाव रोजच्या व्यवहारात फारसं वापरातही नव्हतं. खोऱ्यात माणूस ओळखला जायचा तो बापाच्या, आजाच्या नावाने आणि टोपणनावाने: लाल केसांचा, एक डोळ्याचा, काळा, मोठा. ‘रॉय’ हे ‘रुआघ’चं इंग्रजी रूप, म्हणजे तांबडा. आडनाव उच्चारलं जायचं ते बाहेरच्या माणसासमोर, आणि त्याचा अर्थ ‘मी अमक्याचा मुलगा’ एवढाच नसायचा. ‘माझ्या केसाला धक्का लागला तर कोण धावून येईल ते बघ’ असाही असायचा. कुळासाठीचा इंग्रजी ‘क्लॅन’ हा शब्दसुद्धा गेलिक ‘क्लान’वरून आलाय, आणि त्याचा अर्थ आहे लेकरं.

पहिला ग्रिगर

कुळाचं ब्रीद आहे ‘स रीओघल मो ध्रीम’, माझा वंश राजाचा. स्कॉटलंडच्या राजपरंपरेत आद्यपुरुष मानल्या जाणाऱ्या केनेथ मॅकअल्पिनपर्यंत (मृत्यू ८५८) हा वंश जातो, असा दावा. कुणी ग्रिगरला केनेथचा भाऊ म्हणतं, कुणी मुलगा. इतिहासकार हे मानत नाहीत, आणि न मानण्याचं कारण कुळाच्याच कागदात सापडतं.

लिझमोर इथल्या चर्चचा डीन जेम्स मॅकग्रेगर आणि त्याचा भाऊ डंकन यांनी १५१२ ते १५४२ च्या सुमारास एक हस्तलिखित जमवलं. ते आज एडिंबरोच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. मध्ययुगीन गेलिक कवितेचा स्कॉटलंडमधला हा सर्वांत मोठा ठेवा. गंमत म्हणजे गेलिक कविता त्यांनी गेलिक लेखनपद्धतीने लिहिलीच नाही, मैदानी भागातल्या स्कॉट्स भाषेच्या स्पेलिंगने कानाला येईल तशी उतरवली. त्यामुळे पाचशे वर्षांपूर्वीचा उच्चार कळतो आणि वाचणाऱ्यांचा जीव जातो. याच हस्तलिखितात मॅकग्रेगरांची वंशावळ आहे. त्या वेळच्या प्रमुखापासून ती मागे जाते: पॅट्रिक, माल्कम, काळा इयन, इयन, ग्रिगर, आणखी वर डंकन, ऑर्कीचा एड… आणि तिथून थेट केनेथ मॅकअल्पिन. पायऱ्या मोजल्या तर जेमतेम तेरा, आणि वर्षं साडेसहाशे. एका पिढीला पन्नास वर्षं! शेवटच्या एकाच पायरीत तीन-चार शतकं गिळली आहेत.

आपल्याकडच्या सूर्यवंशी-चंद्रवंशी वंशावळी पाहिलेल्या माणसाला हे नवं नाही. वरचं टोक आभाळात असतं, खालचं टोक मात्र बहुधा खरं असतं. इथेही तसंच. खाली एक ‘इयन काम’ आहे, एक डोळ्याचा इयन, १३९० मध्ये वारलेला. त्याचा बाप ग्रिगर, ज्याला परंपरा ‘सोन्याच्या लगामांचा ग्रिगर’ म्हणते. ज्याच्यावरून आडनाव पडलं तो बहुधा हाच. म्हणजे आडनाव चौदाव्या शतकातलं, आणि गाव ग्लेनऑर्की, ग्लेनस्ट्रे आणि ग्लेनलोखी या तीन खोऱ्यांतलं, लॉख ऑ तलावाच्या वरच्या टोकाचं.

सनद आणि तलवार

चौदाव्या शतकातच ग्लेनऑर्कीचा कागदोपत्री हक्क कॅम्पबेलांकडे गेला. वारस मुलीच्या लग्नातून गेला असं मानतात. पंधराव्या शतकाच्या मध्याला त्यांनी लॉख ऑच्या काठी किलखर्नचा किल्ला बांधला. तिथल्या प्रवासी पुस्तिकांत यापुढची गोष्ट ‘कॅम्पबेलांनी मॅकग्रेगरांची जमीन बळकावली’ एवढ्यात संपते, पण ती इतकी सरळ नाही. शंभरेक वर्षं ही दोन घराणी मांडीला मांडी लावून बसली. कॅम्पबेलांचा मुलूख पूर्वेकडे वाढला तेव्हा पुढे लढायला मॅकग्रेगर होते. सनद कॅम्पबेलांची, मनगट मॅकग्रेगरांचं. मॅकग्रेगर आपल्या हक्काला ‘तलवारीचा हक्क’ म्हणत आणि जोवर दोघांना एकमेकांची गरज होती तोवर ते चाललंही.

बिघडलं ते १५६० च्या दशकात. ग्लेनस्ट्रेचा तरुण वारस ग्रेगर रॉय वयात आला आणि बापजाद्यांची जमीन मागू लागला. ग्लेनऑर्कीचा कॅम्पबेल, पांढऱ्या केसांचा कॉलिन, आधीच्यांपेक्षा कडक अटी घालून बसला. ग्रेगरने त्या मानल्या नाहीत. मग जाळपोळ, खून, गुरांची पळवापळवी. मधे तह झाला, तो मोडला, आणि अखेर ७ एप्रिल १५७० रोजी लॉख टेजवळ कॉलिनने ग्रेगरचं डोकं उडवलं.

ग्रेगरची बायको मॅरियन ही कॅम्पबेलांचीच लेक होती. तिच्या नावावर एक गाणं आहे, अंगाई आणि विलाप एकाच चालीत. गेलिक मुलखात ते आजही गायलं जातं. त्यात ती म्हणते, दुसऱ्यांच्या बायका घरी शांत झोपल्या आहेत आणि मी पलंगाच्या कडेला बसून दोन्ही हात आपटते आहे. शिव्याशाप आहेत ते तिच्या स्वतःच्या माहेरच्या माणसांना. वैर कितीही मुरलं तरी सोयरीक थांबत नव्हती. रॉब रॉयची आईसुद्धा पुढे कॅम्पबेलच निघते.

मॅरियनचा मुलगा अलास्टर मोठा होऊन कुळप्रमुख झाला. त्याच्या हाती जमिनीचा एकही पक्का कागद नव्हता.

३ एप्रिल १६०३

नावावर बंदी का आली, याचं उत्तर माझ्या मते १५८७ च्या एका रुक्ष कायद्यात आहे, रक्तपाताच्या गोष्टींत नाही. डोंगरी आणि सीमेवरच्या भागात कुणी गुन्हा केला तर त्याचा जमीनमालक किंवा कुळप्रमुख जबाबदार, अशी ती व्यवस्था. तिला जोडून एक यादी होती: जमीनमालकाच्या इच्छेविरुद्धही जे लोक आपल्या कुळप्रमुखाचंच ऐकतात अशा कुळांची. तिच्यात मॅकग्रेगर आहेत. सरकारची अडचण इथेच होती. भाडेकरू वागला नाही तर मालकाला धरा, पण या लोकांचा मालक कॅम्पबेल, आणि कॅम्पबेलाचं ते ऐकत नव्हते. प्रमुखाला धरावं तर त्याच्याकडे जप्त करायला जमीन नाही. त्यांना एकत्र बांधणारी एकच वस्तू उरली होती, ती म्हणजे नाव.

१५८९ मध्ये ग्लेनआर्टनीचा राजाचा वनरक्षक जॉन ड्रमंड मारला गेला. मुंडकं त्याच्या बहिणीच्या घरी जेवणाच्या टेबलावर मांडून तोंडात भाकर-चीज कोंबलं, अशी कथा सांगतात. मग बॅल्क्विडरच्या चर्चमध्ये कुळातल्या माणसांनी एकेक करून त्या मुंडक्यावर हात ठेवला आणि ‘हा खून आमचा सगळ्यांचा’ अशी शपथ घेतली. सरकारच्या दृष्टीने यापेक्षा घातक काय असणार? गुन्हेगार कोण, या प्रश्नाचं उत्तर एक आडनाव!

७ फेब्रुवारी १६०३ ला लॉख लोमंडच्या पश्चिमेला ग्लेन फ्रूनमध्ये मॅकग्रेगरांची लसच्या कहून लोकांशी गाठ पडली. (हे नाव लिहितात ‘कोल्क्वहून’ असं काहीतरी आणि म्हणतात ‘कहून’. स्कॉट्स स्पेलिंगवर विश्वास ठेवू नये.) कहूनांच्या प्रमुखाकडे मॅकग्रेगरांविरुद्ध शस्त्र धरण्याचा राजाचा परवाना होता, म्हणून त्याच्यावरचा हल्ला आता राजावरचा हल्ला ठरणार होता. चिंचोळ्या खोऱ्यात मॅकग्रेगरांनी त्यांना दोन्ही बाजूंनी गाठलं. कहूनांची शंभरावर माणसं पडली, १४० चा आकडा बऱ्याचदा दिला जातो. दोन महिने आधीच्या एका छाप्यानंतर विधवा रक्ताळलेले सदरे भाल्यांवर घेऊन स्टर्लिंगला राजापुढे गेल्या होत्या, असंही सांगतात.

मग तारखा पाहा. २४ मार्चला लंडनजवळ राणी एलिझाबेथ वारली आणि स्कॉटलंडचा सहावा जेम्स इंग्लंडचाही राजा झाला. ५ एप्रिलला तो एडिंबरो सोडून लंडनकडे निघाला. मधे, ३ एप्रिलला, प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे राजाच्या सल्लागार मंडळाने, ठराव केला: मॅकग्रेगर हे नाव संपूर्ण नष्ट करावं, ते लावणाऱ्यांनी दुसरं आडनाव घ्यावं, न घेतल्यास देहदंड. त्याचा आशय १६१७ च्या कायद्यात पुन्हा सांगितलेला आहे. नवं, मोठं घर मिळालेला माणूस जुन्या घराला कुलूप लावताना कोपऱ्यातला केर काढतो, तसं काहीसं ते वाटतं.

अलास्टर काही महिने सापडला नाही. शेवटी आर्गाइलच्या अर्लने, म्हणजे कॅम्पबेलांच्या मुख्य प्रमुखाने, ‘तुला सुखरूप इंग्लंडच्या हद्दीत पोचवतो’ असं वचन दिलं. ते त्याने अक्षरशः पाळलं. शिपायांच्या पहाऱ्यात अलास्टरला सीमेपलीकडे नेलं, इंग्लंडच्या मातीवर उभं केलं आणि तसंच मागे फिरवून एडिंबरोला आणलं. २० जानेवारी १६०४ ला त्याला अकरा साथीदारांसह फाशी दिलं. प्रमुख म्हणून त्याचा दोर इतरांपेक्षा त्याच्या स्वतःच्या उंचीएवढा वर बांधला. आडनाव नष्ट केलं तरी मान राखायची पद्धत सुटली नव्हती.

पुढची काही वर्षं शिकारीची होती. १६११ मध्ये जाळपोळ-कत्तलीचे अधिकृत परवाने निघाले. स्वतःच्याच कुळातल्या बरोबरीच्या माणसाचं डोकं आणून देईल त्या मॅकग्रेगरला माफी, ही त्यातली सर्वांत धूर्त अट. बायकांच्या तोंडावर किल्लीच्या आकाराचा डाग द्यावा, अशी सूचनाही त्या काळच्या सरकारी कागदांत आहे. १६१३ मध्ये, ज्यांनी नाव बदललं होतं त्यांनाही ताटातलं मांस कापायच्या बोथट टोकाच्या सुरीखेरीज शस्त्र बाळगायला बंदी आली. चौघांपेक्षा जास्त जणांनी एकत्र जमायचं नाही, असाही हुकूम निघाला. १६३३ च्या कायद्याने दार आणखी घट्ट लावलं: कोणत्याही धर्मगुरूने मुलाचं ‘ग्रेगर’ असं नावही ठेवायचं नाही, कोणत्याही लेखनिकाने या नावाने दस्त करायचा नाही.

शेवटचं कलम नीट वाचण्यासारखं आहे. तलवारीने जे साधलं नाही ते आता पाळण्यात आणि कचेरीत साधायचं होतं. त्या नावाने बारसं नाही, कर्ज नाही, करार नाही. माणूस जिवंत, पण व्यवहारात नाहीच.

उर्फ

मग ही माणसं गेली कुठे? बरीचशी जागेवरच राहिली. ज्या जमीनमालकाने हमी घेतली त्याचं आडनाव लावलं. कौन्सिलच्या दप्तरात नोंदी आहेत: अमुक, पूर्वीचा मॅकग्रेगर, आता स्टुअर्ट. अशाच वाटेने कुणी मरे झालं, कुणी ड्रमंड, कुणी ग्रॅहम. आणि बरेच जण कॅम्पबेल झाले, हे वाचताना दर वेळी थोडं थांबावं लागतं. काहींनी कुळाचं नावच मोडून नवं केलं: ग्रेगरी, ग्रेग, ग्रियर. काही ब्लॅक, व्हाइट, किंग अशा बिनचेहऱ्याच्या नावांत शिरले. ॲबर्डीनचं ग्रेगरी घराणंही आपलं मूळ मॅकग्रेगरच सांगायचं. आरशाच्या दुर्बिणीचा आराखडा १६६३ मध्ये मांडणारा गणिती जेम्स ग्रेगरी त्यातला.

पण इथे सावध राहायला हवं, कारण इथेच हौशी वंशशोधक घसरतात. आज ज्याचं आडनाव किंग किंवा व्हाइट आहे आणि खापरपणजा स्कॉटिश आहे, त्याला दुकानदार मॅकग्रेगरांच्या चौकडीचा गळपट्टा विकायला तयारच असतो. प्रत्येक किंग हा लपलेला मॅकग्रेगर नाही. ‘ग्रेग’ हे ग्रेगरीचं लघुरूप मैदानी भागातही आपोआप तयार झालं होतं. ॲबर्डीनशायरचा एक अलेक्झांडर ग्रेग १७७० च्या दशकात नॉर्वेतल्या बर्गनला गेला, तिथे नावाचं स्पेलिंग बदललं, आणि त्याचा पणतू संगीतकार एडवर्ड ग्रीग. त्यालाही कुळात ओढणारे आहेत. पुरावा म्हणजे फक्त नावातलं साम्य.

उलट्या बाजूनेही गफलत होते. जनुकीय तपासणीत बापाकडून मुलाकडे जाणारा वाय गुणसूत्राचा धागा बघतात. मॅकग्रेगर आडनावाचे सगळे पुरुष त्यावर एका पूर्वजाला जाऊन मिळत नाहीत. इयन कामचा वंश म्हणून ओळखला जाणारा मोठा गट दिसतो, आणि त्याच आडनावाखाली रक्ताचा संबंध नसलेले इतरही. यात फसवणूक काही नाही. कुळात आश्रयाला आलेला, हाताखाली लढलेला, जावई म्हणून राहिलेला माणूस नाव लावायचा. आडनाव म्हणजे निष्ठेची खूण होती, आणि निष्ठा गुणसूत्रात सापडत नाही. ज्यांनी १६०३ मध्ये ‘आम्ही मूळचे मॅकग्रेगर नव्हतोच’ असं सांगून सुटका करून घेतली असती तर चाललं असतं, त्यांच्यातलेही काही चिकटून राहिले असणार.

गृहयुद्धात मॅकग्रेगर राजाच्या बाजूने, त्याचा सेनापती माँट्रोज याच्याबरोबर लढले. त्या बदल्यात १६६१ मध्ये दुसऱ्या चार्ल्सने बंदी उठवली. एका राजाने मारलं, त्याच्या नातवाने जवळ घेतलं. रॉब रॉय जन्मला तो १६७१ मध्ये, लॉख कॅट्रिनच्या डोक्यावरच्या ग्लेनगाइलला, म्हणजे याच मोकळ्या काळात. जन्मतः तो कायदेशीर मॅकग्रेगर होता. तो बाविशीत असताना, १६९३ मध्ये, विल्यम राजाने बंदी पुन्हा लागू केली आणि त्याने आईचं आडनाव घेतलं.

रॉबर्ट कॅम्पबेल म्हणून तो गुरांचा व्यापारी होता, बऱ्यापैकी पत असलेला. डोंगरातली गुरं विकत घ्यायची, हाकत मैदानातल्या बाजारांत न्यायची. जोडीला ‘ब्लॅकमेल’: ठरावीक रक्कम द्या, तुमची गुरं कुणी पळवणार नाही, पळवलीच तर आम्ही आणून देऊ. चौथाई माहीत असलेल्या वाचकाला ही पद्धत समजावून सांगायला नको. १७११ मध्ये ड्यूक ऑफ माँट्रोजकडून गुरांच्या खरेदीसाठी मोठी रक्कम घेतली, ती बुडाली, त्याला फरारी जाहीर केलं, घर गेलं. बाकीचं आयुष्य गनिमी काव्याने ड्यूकची गुरं आणि वसुली लुटण्यात गेलं. २८ डिसेंबर १७३४ रोजी तो बॅल्क्विडरच्या खोऱ्यात आपल्या घरी, अंथरुणात वारला. त्या कुळात हे मरण दुर्मिळ.

सही कॅम्पबेल, पण खोऱ्यात त्याला कॅम्पबेल कोण म्हणणार? तिथे तो रॉब रुआघ, तांबडा रॉब. बंदी कागदावर होती आणि खोऱ्याला कागदाची गरज क्वचित पडायची. नाव टिकलं ते असं, दोन भाषांच्या फटीत. इंग्रजी-स्कॉट्समध्ये लिहायचं एक, गेलिकमध्ये बोलायचं दुसरं.

आणि सरकारलाही ते ठाऊक होतं. गादीवरून हटवलेल्या स्टुअर्ट घराण्यासाठी झालेल्या १७१५ च्या बंडानंतर १७१७ मध्ये लंडनच्या संसदेने सार्वत्रिक माफीचा कायदा केला आणि त्यातून ‘मॅकग्रेगर नावाच्या व कुळाच्या’ सर्व लोकांना वगळलं. ज्या नावाचं कुणी अस्तित्वातच असायला नको, त्या नावाच्या लोकांना नाव घेऊन माफी नाकारली!

थाळनेरचा दिंडी-दरवाजा

१७७४ मध्ये संसदेने बंदी कायमची रद्द केली. तोवर डोंगराळ भागाची लष्करी ताकद मोडली होती, आणि तिथली पोरं ब्रिटिश फौजेत कामाला येत होती. आता प्रश्न: इतकी वर्षं उर्फात गेल्यावर प्रमुख कोण? रॉब रॉयच्या ग्लेनगाइल शाखेचाही दावा होता. पण ८२६ जणांनी सह्या करून निवडलं ते लॅनरिकच्या जॉन मरेला. मरे, म्हणजे घराण्याने उर्फ म्हणून घेतलेलं आडनाव. हा ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगाल फौजेतला अधिकारी. हिंदुस्थानात कमावलेल्या पैशावर त्याने स्कॉटलंडमध्ये जमीन घेतली आणि १७९५ मध्ये बॅरोनेट झाला. सनद नसलेल्या कुळाला अखेर जमिनीचा कागद मिळाला, तो बंगालच्या वाटेने.

त्याचा मुलगा इव्हान, जन्म १७८५. आणि इथे हे प्रकरण खानदेशात येतं.

जानेवारी १८१८ मध्ये मंदसोरच्या तहाने होळकरांनी सातपुड्याच्या दक्षिणेचा मुलूख इंग्रजांना दिला. सर थॉमस हिस्लॉप तो ताब्यात घेत निघाला आणि २७ फेब्रुवारीला तापीकाठी थाळनेरला आला. आजचा धुळे जिल्हा, शिरपूर तालुका. थाळनेर ही एके काळी फारुकी सुलतानांची राजधानी. किल्लेदार होता तुळशीराम मामा. होळकरांचा हुकूम दाखवूनही किल्ल्यातून गोळ्या आल्या. तोफा लागल्यावर शरणागतीची बोलणी सुरू झाली आणि किल्लेदार बाहेर आला. आतल्या दरवाजाच्या दिंडीतून काही इंग्रज अधिकारी मोजक्या शिपायांसह आत शिरले. आतल्या अरबांशी बोलणं नीट होईना, कुणाला कुणाचं कळेना, आणि त्या अरुंद जागेत अचानक तलवारी-जंबिये चालले. मेजर गॉर्डन आणि कॅप्टन मॅकग्रेगर ठार झाले. लेफ्टनंट कर्नल मॅकग्रेगर मरे गंभीर जखमी झाला. हा मरे म्हणजेच इव्हान. त्यानंतर किल्ल्यातल्या शिबंदीची, सुमारे तीनशे माणसांची, कत्तल झाली आणि हिस्लॉपने तुळशीराम मामाला फाशी दिलं. या फाशीवरून पुढे इंग्लंडच्या संसदेतही टीका झाली.

दिंडीत शिरलेल्या त्या दोघांची नावं शेजारी ठेवून बघा. कॅप्टनचं आडनाव सरळ मॅकग्रेगर, १७७४ नंतर उजळ माथ्याने लावलेलं. आणि कुळप्रमुखाचा वारस मात्र अजून मरे, मॅकग्रेगर हा शब्द मधे, आडनावाच्या अलीकडे उभा. बाकीचं कुळ नावावर परतलं होतं, प्रमुखाचं घर अजून उर्फातच होतं. मारले गेले ते शिबंदीचे लोक आणि किल्लेदार यांची बाजू मांडणारी अशी वंशावळ कुणी ठेवलेली नाही, हेही इथेच नोंदवून ठेवतो.

इव्हान वाचला. याच सुमारास, १८१७ च्या अखेरीस, वॉल्टर स्कॉटची रॉब रॉयवरची कादंबरी आली होती आणि ‘मॅकग्रेगर’ हा शब्द लंडनच्या दिवाणखान्यात रोमहर्षक झाला होता. १८२२ च्या ऑगस्टमध्ये चौथा जॉर्ज एडिंबरोला आला तेव्हा स्कॉटलंडचा मुकुट आणि राजदंड किल्ल्यातून राजवाड्यात नेताना रक्षक म्हणून मॅकग्रेगर चालले. ज्या शहरात अलास्टरला सर्वांपेक्षा उंच टांगलं, त्याच शहरातून त्याच कुळाच्या पहाऱ्यात राजमुकुट गेला. मेजवानीत इव्हानने राजाचं ‘प्रमुखांचा प्रमुख’ म्हणून अभीष्टचिंतन केलं.

त्याच वर्षी लंडनमध्ये ग्रेगर मॅकग्रेगर नावाचा, लॉख कॅट्रिनच्या काठच्याच शाखेतला एक सेनानी मध्य अमेरिकेतल्या ‘पोयाइस’ या देशाचे दोन लाख पौंडांचे कर्जरोखे विकत होता. तो देश अस्तित्वातच नव्हता. तिथे वसायला गेलेल्या अडीचशे लोकांना जंगल आणि ताप भेटला, त्यातले बहुतेक मेले. त्याचा आजा फौजेत ड्रमंड या नावाने होता.

१८२२ सालीच सर जॉन वारला आणि इव्हानने राजाकडे रीतसर परवाना मागितला. तो मिळाला. मरे मागचा पुढे आला, मॅकग्रेगर मधला शेवटी गेला: सर इव्हान मरे-मॅकग्रेगर. १८४१ मध्ये बार्बाडोसचा गव्हर्नर असताना तो वारला. पुढच्या पिढ्यांत मरेही गळाला. आज कुळाचा प्रमुख आपलं नाव ‘मॅकग्रेगर ऑफ मॅकग्रेगर’ असं लिहितो, दोनदा.